तळं : वीस मिनिटं

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं. बाकी अख्ख्या वनउद्यानात, फाटकावरच्या तिकीटवाल्यापासून वरच्या साहेबापर्यंत, ते चाकवालेच. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढं चाक, चाकाला आकड्यांची डबी. चाक ढकलत चालायचं, की डबीत एकेक मीटर पडत जातो. वाट संपली की आकडा वहीत उतरवायचा, घड्याळात बघून वेळ उतरवायची, आणि मग हिरव्या पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहायचं : अमुक ठिकाण, इतकी मिनिटं. उद्यानात अशा चौतीस पाट्या होत्या. सगळ्या त्यांच्याच हातच्या, आणि अक्षर असं की शाळेतल्या बाईंनीही वाहवा करावी.

या कामाचा एक नियम होता. मधे थांबायचं नाही. चढावर थांबलं की चाक मागे घसरतं, डबीतले आकडे उलटे पडायला लागतात आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. म्हणून चाकवाले एकदा निघाले की निघाले. पाऊस असो, पायात काटा जावो, कुणी ओळखीचं भेटो, मान हलवायची आणि पुढे. आता तुम्हीच सांगा, असा माणूस जी वेळ लिहील ती कुणाची वेळ असेल? त्याची एकट्याची. तीही तरणीताठी. पण हे चाकवाल्यांना कोण सांगणार!

तसं सांगणारे होते. फाटकापाशी एक अभिप्रायाची वही टांगलेली असे. तिच्यात लोक लिहीत, ‘तळ्याची वाट वीस मिनिटांची म्हणून पाटी आहे, आम्हाला सव्वा तास लागला, सोबत वयस्कर आई होती, तिचे फार हाल झाले.’ त्याखाली चाकवाल्यांचं लाल शाईतलं उत्तर ठरलेलं : ‘पाटी बरोबर आहे. रमतगमत चालू नये.’ अशी उत्तरं किती झाली असतील, देव जाणे. एकदा लिहिलेल्या पाटीवर त्यांनी कधी दुसरा हात फिरवला नाही.

अशा माणसाला निवृत्तीला दोन महिने उरले असताना नव्या मॅडमनी बोलावलं.

“काका, सुट्ट्या लागायच्या आत एक पत्रक काढायचंय. घरच्या सगळ्यांना झेपेल अशी सोपी वाट. लहान मूल, आजी-आजोबा, सगळे जातील अशी. कुठं बसायचं, किती वेळ लागेल, सगळं लिहून हवंय सोमवारी.”

“तळ्याची वाट घाला. मोजणी तयार आहे,” चाकवाले म्हणाले.

“मोजणी नकोय हो. तुमच्या घरच्यांना घेऊन एकदा चालून या ना. चाकाला काय कळतं, कुठं बसावंसं वाटतं ते?”

चाकवाल्यांना हे बोलणं लागलं, पण उलट बोलायलाही अंगात त्राण हवं. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. हल्ली ते बसत. गुडघे सकाळपासूनच कुरकुर करत, आणि घरी गेल्यावर पोळ्या, भाजी, धुणं, सगळं त्यांच्याच गळ्यात होतं.

कारण काकू. म्हणजे चाकवाल्यांची बायको. उद्यानातले लोक यांना तोंडावर काका म्हणत, म्हणून त्या काकू. गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला, एकोणीस दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, पण श्वास काही पूर्वीसारखा परत आला नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तरी दारापाशी थांबून चौकटीला हात लावावा लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “चालू द्या त्यांना. हळू, मधेमधे बसत. बसून राहिल्या तर आणखी बसतील.” पण चालायचं कुठं आणि कुणाबरोबर? चाकवाले संध्याकाळी घरी येत ते आडवं होण्यासाठीच. दोन थकलेली माणसं एका घरात राहत होती आणि कोण जास्त थकलंय यावर अधूनमधून बाचाबाची होत होती.

त्या संध्याकाळी चाकवाल्यांनी पोळ्या लाटता लाटता पत्रकाची गोष्ट काढली. काकू दोन उशांना टेकून बसल्या होत्या.

“कुठली वाट म्हणालात?”

“तळ्याची.”

या तळ्याची आणि काकूंची जुनी गाठ होती. लग्न आणि नोकरी एकाच वर्षातली. लग्नाला महिनासुद्धा झाला नसेल, चाकवाले त्यांना उद्यान दाखवायला घेऊन गेले, आणि तेही कधी, तर मोजणीच्या दिवशी. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. काकू मागे पडल्या. चाकवाले चाक ढकलत तळ्यापर्यंत गेले, आकडा टिपला, परत आले, तोवर काकू वाटेतच एका दगडावर बसलेल्या. मग उशीर झाला, परतले. तळं राहिलंच. पुढे चाकवाल्यांनी त्याचा किस्सा करून टाकला. पाहुणे आले की सुरू : “हिला एकदा नेलं होतं फिरायला. वीस मिनिटांची वाट, आणि बाईसाहेब अर्ध्यातच ठाण मांडून बसल्या!” सगळे हसत. काकूही हसत आणि पाणी आणायला आत जात. एकतीस वर्षांत त्यांनी कितीदा म्हटलं, एकदा तळं दाखवा. चाकवाल्यांचं उत्तर ठरलेलं, “तुझ्याच्यानं होणार आहे का?”

“मी येते,” काकू म्हणाल्या. “आणि हे बघा, या खेपेला नाही जमलं ना, तर परत तुमच्यापाशी तळ्याचं नावसुद्धा काढणार नाही.”

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर चाकवाल्यांना बरं वाटलं असतं. पण त्या अगदी सहज म्हणाल्या, दुकानाची यादी सांगावी तशा. चाकवाल्यांच्या हातातली पोळी वाकडी झाली.

त्यांनी मग बेत आखला, आणि आखला तो अगदी कागदावर रेघा मारून. लेकीला फोन झाला. ती नातीला घेऊन शनिवारीच येणार. रविवारी सव्वानऊला फाटक. तळं पाटीप्रमाणे वीस मिनिटं, हिच्यासाठी दुप्पट, म्हणजे चाळीस. दहाला तळं. पाऊण तास बसणं, खाणं. साडेअकराला परत फाटक. बाराची बस. चुकली तर पुढची थेट चारला, तेव्हा चुकवायची नाही. सोबत पाण्याच्या तीन बाटल्या, उकडलेले बटाटे, पाव, केळी, काकूंचं श्वासासाठी तोंडातून ओढायचं औषध, एक सतरंजी. चाळीस मिनिटं लिहिताना चाकवाल्यांना आपण फारच सढळ हातानं वेळ देतोय असं वाटलं.

रविवारी उजाडलं ते ढगाळ. चाकवाले फाटकाशी पोचले आणि सवयीनं खोलीतून चाक घेऊन आले.

लेकीनं कपाळावर हात मारला. “बाबा, आज तरी राहू द्या ते चाक!”

“बसायच्या जागांचं अंतर लागेल ना,” चाकवाले म्हणाले. खरं म्हणजे चाकाशिवाय या वाटेवर हात कुठं ठेवायचे हे त्यांना माहीतच नव्हतं.

पहिलीच पाटी फाटकाच्या आत होती. ‘तळं – २० मिनिटं.’ नात नुकतीच वाचायला शिकलेली, तिनं मोठ्यानं वाचलं. काकूंनी पाटीकडे बघितलं, पदर खोचला आणि निघाल्या. वाजले होते नऊ वीस.

शंभर पावलं बऱ्या गेल्या. मग एक थांबा. मग साठ पावलांनी दुसरा. मग प्रत्येक वळणावर. लेक आईचा दंड धरून चालत होती, नात पुढेमागे पळत होती, आणि चाकवाले चाक ढकलत चार पावलं पुढे. थांबले की चाक मागे घसरायला बघे, ते त्याला पायानं अडवत आणि मान वळवून बघत. बोलत नव्हते, पण मान वळवणं काय कमी बोलतं? काकूंना ती मान पुरती ओळखीची होती. बाजारात, लग्नाकार्यात, दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात, सगळीकडे त्यांनी ती मागूनच बघितली होती.

‘तळं – १० मिनिटं’ ही पाटी आली तेव्हा दिवसभर चालल्यासारखी काकूंची दमछाक झाली होती. वाजले होते दहा वाजून पाच मिनिटं. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. काकू सतरंजीवर बसल्या, औषध ओढलं आणि पाटीकडे बघत राहिल्या.

“दहा मिनिटांना पाऊण तास,” त्या हळूच म्हणाल्या.

“आई, चालायचंच. घाई कुणाला आहे?” लेक म्हणाली.

चाकवाल्यांनी खिशातला बेताचा कागद काढला, बघितला, परत ठेवला. त्या कागदाप्रमाणे ते सगळे या क्षणी तळ्याकाठी बटाटे सोलत होते.

पुढचा चढ थोडासाच होता, पण काकूंच्या छातीला तो पुरेसा होता. आता त्या दहा-बारा पावलांवर थांबत होत्या, झाडाला हात टेकून. ओठ पांढरे पडले होते. नात पुढून ओरडली, “आजोबा, पाटी! पाच मिनिटं!” आणि काकू ज्या थांबल्या त्या तिथंच. पाटीच्या बाजूला एक रुंद दगड होता, त्याच्यावर त्यांनी बसकण मारली. वाजले होते दहा चाळीस.

“मी काही आता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाऊन या. हिला तळं दाखवा.”

“अगं, पाचच मिनिटं राहिलीत,” चाकवाले बोलून गेले.

काकूंनी वर बघितलं. डोळे भरले होते. लेकीला त्या म्हणाल्या, “तू हिला घेऊन जरा पुढे जा बरं. ते फूल कसलं आहे बघ.” लेक समजली. नातीचं बोट धरून ती पुढच्या वळणाआड गेली.

“आता मला खरं सांगा,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर तुमच्याशी वेगळं काही बोललेत ना?”

“काय बोलणार?”

“मला वेडी समजू नका. वीस मिनिटांची वाट. त्यातली पंधरा चालायला मला एक तास वीस मिनिटं लागली. माणूस बरं होत असेल तर इतकं मागे पडतं का? आजारी होते तेव्हाही मला एवढी भीती वाटली नव्हती. मी संपत आलेय आणि तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवताय.”

चाकवाल्यांना कळेना, हे हिच्या डोक्यात कुणी भरवलं? मग त्यांनी तिच्या नजरेच्या मागोमाग बघितलं, आणि समोर आपलंच सुबक अक्षर दिसलं. बाई सकाळपासून त्या पाट्या वाचत आली होती. डॉक्टरांचं नाही, लेकीचं नाही, पाटीचं खरं मानत आली होती. नवऱ्यानं लिहिलेली पाटी. खोटी कशी असेल?

एकतीस वर्षं लाल शाईनं लिहिलेलं सगळं त्यांना आठवलं. गप्प बसता आलं असतं. ‘काहीतरीच बोलतेस’ म्हणून उडवून लावता आलं असतं, तशी सवयही होती. पण समोर ती पांढऱ्या ओठांनी श्वास गोळा करत बसली होती.

“पाटी चुकीची आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“चुकीची आहे. वीस मिनिटांत इथं कुणीच पोचत नाही. चांगले धडधाकट लोक तक्रार लिहून जातात. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो तेव्हाची वेळ आहे ती. एकटा, न थांबता, जवळजवळ पळत. आज मलासुद्धा जमायचं नाही. डॉक्टर काही म्हणाले नाहीत गं. शपथ. तू बरी होते आहेस, हळूहळू होते आहेस, एवढंच म्हणाले.”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “एकटे नव्हतात. मी होते मागे.”

“होतीस.”

“माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता त्या दिवशी. पाहुण्यांसमोर तुम्ही सांगता ना, बाईसाहेब ठाण मांडून बसल्या? अनवाणी किती चालणार होते? मी हाक मारली होती तुम्हाला. दोनदा. नवीनच लग्न झालेलं, तोंडातून आवाज निघत नव्हता, तरी मारली. तुम्हाला ऐकूच गेली नसेल म्हणून मी कधी काढलं नाही.”

चाकवाल्यांनी चाकाचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. आता इथं ‘नाही ऐकू आली’ म्हटलं असतं तर गोष्ट मिटली असती. बाईनं वाट करूनच दिली होती.

“ऐकली होती,” ते म्हणाले. “चढ होता. थांबलो असतो तर आकडा चुकला असता.”

काकू रडल्या नाहीत. रडायलाही श्वास लागतो. त्यांनी फक्त मान हलवली. चाकवाल्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, चार शिव्या घालेल, घालू दे. शेवटी त्यांनी दांडा सोडला. चाक दोन-तीन हात मागे घसरत गेलं, डबीतले आकडे टकटक उलटे पडले आणि ते गवतात आडवं झालं. चाकवाले दगडावर तिच्या शेजारी बसले. एकतीस वर्षांत या वाटेवर ते पहिल्यांदा बसत होते. गुडघ्यांनी सुटकेचा आवाज केला.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “फार चुकलं.”

“हं,” काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “बटाटे काढा. भूक लागलीय मला.”

तळ्यावर त्या दिवशी कुणीच गेलं नाही. लेक परत आली, नातीनं दोन केळी संपवली, आणि अकराच्या आधी सगळे उतरायला लागले. चाकवाले मागे होते. चाक त्यांनी खांद्यावर टाकलं होतं. मागून चालणं त्यांना जमेना; दर चार पावलांना ते कुणाच्या तरी टाचेवर पाय देत होते. फाटकाशी आले तेव्हा बाराला पाच कमी होती, आणि बसमध्ये काकू खिडकीला डोकं टेकून झोपून गेल्या.

सोमवारी त्यांनी मॅडमच्या टेबलावर पत्रकाचा मजकूर ठेवला. मॅडमनी वाचला.

“वाट पाच मिनिटांच्या पाटीपाशीच संपवलीत? तळं तर पुढे आहे ना, काका?”

“आहे. ज्यांना जायचं ते जातील. घरच्यांची वाट त्या दगडाशी संपते. तिथं एक बाक टाकून घ्या.”

“आणि वेळ एक तास वीस मिनिटं? पाटीवर तर...”

“पाट्या मी बदलतो. दोन महिने आहेत हातात. चौतीसच्या चौतीस बदलतो.”

मॅडमनी बोट खाली सरकवलं. “हे शेवटचं काय? ‘बरोबरच्या माणसाला मागे टाकून पुढे जाऊ नये. हाक आली तर थांबावं.’ हे कशाला छापायचं? एवढं तर कुणालाही कळतं.”

“नाही कळत, मॅडम,” चाकवाले म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ते वाक्य राहू दिलं.

छापलेलं पत्रक आठवड्याभरानं घरी आलं. काकूंनी चष्मा लावून ते पहिल्यापासून वाचलं, शेवटच्या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबल्या, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. चाकवाल्यांना आपण काय ऐकायला थांबलोय हे त्यांचं त्यांनाच कळेना, म्हणून ते भांडी घासायला गेले.

संध्याकाळी पाव संपला होता. “मीही येते कोपऱ्यापर्यंत,” काकू म्हणाल्या. दोघं निघाले. रस्ता सपाट, दुकान चार घरं सोडून. पहिलं घर दोघांनी बरोबर ओलांडलं. दुसऱ्या घरापाशी चाकवाल्यांच्या डोक्यात दुकान बंद होण्याचा विचार आला आणि पाय आपसूक पुढे गेले. चार पावलं, पाच पावलं.

“अहो,” मागून हाक आली. मोठी नव्हे, नेहमीचीच.

चाकवाले जागच्या जागी थांबले आणि वळले. काकू कुंपणाला हात लावून उभ्या होत्या.

“काय गं? काय झालं? दम लागला?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “थांबता का ते बघत होते.”